बी, माती आणि दान: स्तनाच्या कर्करोगाच्या प्रसाराचा शोध

१/
स्तनात झालेली गाठ सहसा स्वतः जीव घेत नाही. त्या गाठीतून निसटलेल्या पेशी हाडांत, यकृतात, फुफ्फुसांत किंवा मेंदूत जाऊन रुजतात आणि मृत्यू येतो तो त्यांच्यामुळे. या पेशी केव्हा निसटतात, कोठे रुजतात आणि त्यांना वाटेत अडवता येते का, या प्रश्नांचा पाठपुरावा गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांपासून चालू आहे. त्यातील एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत, परळला लिहिला गेला. त्याच्या मुळाशी एक दानपत्र आहे. त्या अध्यायाचा हा धागा.

२/
आरंभी दोन तारखा. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब या नव्या रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब म्हणजे चिंतामणी गणपतीचे गाव, भोवती कापसाचे शिवार. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, तारखांचा मेळ हा निव्वळ योगायोग. परंतु एक प्रश्न त्यांना जोडतो: परळला जमलेले ज्ञान कळंबपर्यंत पोचते का? या इतिहासाचे मोल शेवटी त्याच प्रश्नाने ठरते.

३/
प्रसाराचे कोडे प्रथम नेमकेपणाने मांडले ते लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी. १८८९ साली त्यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. पेशी रक्ताबरोबर नुसत्या वाहत जात असत्या, तर त्या सर्व अवयवांत सारख्याच सापडल्या असत्या. प्रत्यक्षात यकृतात त्या वारंवार आढळत होत्या, प्लीहेत मात्र क्वचितच.

४/
पॅजेट यांनी यासाठी शेतीतले रूपक वापरले. पेशी हे बी आणि अवयव ही माती. बी वाऱ्याबरोबर सर्व दिशांना उडते, उगवते मात्र मानवेल त्या मातीतच. काळ्या जमिनीत पऱ्हाटी कशी येते आणि मुरमाड माळावर तिचे काय होते, हे ठाऊक असणाऱ्या कळंब-राळेगावच्या शेतकऱ्याला हे रूपक समजावून सांगावे लागणार नाही. वैद्यकशास्त्राला मात्र ते पचनी पडायला अनेक दशके लागली.

५/
कारण त्याच काळात अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांचा विचार प्रबळ होत होता. त्यांच्या मते कर्करोग गाठीपासून क्रमाक्रमाने बाहेर सरकतो: आधी स्तन, मग काखेतील लसिका ग्रंथी, मग शरीराचा उर्वरित भाग. तेव्हा जितके अधिक कापून काढावे तितका रोग मुळातून जाईल. या शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढून टाकल्या जात. जगभर सुमारे पाऊण शतक हीच पद्धत प्रमाण मानली गेली.

६/
शस्त्रक्रिया मोठी होत गेली, तरी अनेक स्त्रियांचा रोग काही वर्षांनी दूरच्या अवयवांत उलटतच होता. याचा अर्थ काय? बी आधीच उडून गेले होते, की शस्त्रक्रियेच्या वेळी उडाले? हा प्रश्न विचारण्यासाठी प्रयोगशाळा हवी, वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी हव्यात आणि उत्तराची घाई नसलेला पैसा हवा. असा पैसा त्या काळात बहुधा एकाच मार्गाने येत असे, तो म्हणजे दान.

७/
ब्रिटनमध्ये १९०२ साली लोकवर्गणीतून कर्करोग संशोधनासाठी एक निधी उभा राहिला. पुढे तो ‘इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंड’ या नावाने ओळखला गेला. या निधीचा धागा पुढे परळशी जुळणार आहे. परळचे बीज मात्र एका घरातील दुःखात होते.

८/
जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई. स्त्रियांचे शिक्षण आणि बालविवाहाला प्रतिबंध यांसाठी झटणाऱ्या, साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या. १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जगातील उत्तमोत्तम उपचार विकत घेण्याची ऐपत असलेल्या कुटुंबालाही त्या रोगापुढे हात टेकावे लागले.

९/
१९३२ साली दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी आणि तेही जगातील कोणत्याही देशातील संशोधकासाठी राखून ठेवले. उरलेला एक पंचमांश भारतात मानवी दुःख हलके करणाऱ्या वैज्ञानिक संशोधनासाठी. त्याच वर्षी आपली जवळजवळ सर्व संपत्ती त्यांनी ‘सर दोराबजी टाटा ट्रस्ट’च्या स्वाधीन केली. देश, वंश वा धर्म यांचा भेद न करता तिचा विनियोग व्हावा, अशी अट घातली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.

१०/
या संपत्तीत एक प्रसिद्ध वस्तू होती. दोराबजींनी मेहेरबाईंसाठी घेतलेला ‘ज्युबिली’ हिरा, सुमारे २४५ कॅरटचा, कोहिनूरहून दुप्पट वजनाचा. १९३७ साली तो विकला गेला आणि त्याचे मोल ट्रस्टच्या निधीत जमा झाले. चार वर्षांनी त्याच ट्रस्टच्या पैशातून परळला रुग्णालय उभे राहिले. मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी त्याचे उद्घाटन केले. आरंभी खाटा होत्या ८० आणि वार्षिक खर्च सुमारे पाच लाख रुपये.

११/
येथे ट्रस्टच्या विश्वस्तांचा एक निर्णय फार दूरगामी ठरला. रुग्णालयाला त्यांनी पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळा जोडली आणि तिच्या प्रमुखपदी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना आणले. लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी घेतलेले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवलेले खानोलकर पुढे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेले.

१२/
खानोलकरांची दृष्टी सूक्ष्मदर्शकापुरती मर्यादित नव्हती. रुग्ण कोण आहे, काय खातो, काय नेसतो, कोणत्या समाजातला आहे, याची ते नोंद घेत. १९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींशी निगडित असे कर्करोगाचे प्रकार जगापुढे ठेवले. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने त्वचेला होणारा कर्करोग आणि खैनी ओठाआड धरल्याने होणारा कर्करोग हे त्यांतले. कर्करोग ही नियतीची खेळी नसून त्याला शोधता येण्याजोगी कारणे असतात, हा धडा परळच्या प्रयोगशाळेने असा गिरवला.

१३/
१९५२ साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच. डी. झालेली एक मराठी संशोधिका या केंद्राचा आधारस्तंभ ठरली: डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. एम. एस्सी.चा प्रबंध होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. वनस्पतींकडून त्या कर्करोगाकडे वळल्या.

१४/
रणदिवे यांचा पुढचा टप्पाही दानाच्या पैशानेच शक्य झाला. अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र तेथे अवगत झाले होते. हॉल्स्टेड यांची कर्मभूमी असलेले जॉन्स हॉपकिन्स ते हेच. परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईत भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

१५/
स्तनाचा कर्करोग हा त्यांचा मुख्य विषय. जॉन बिट्नर या अमेरिकी संशोधकाने १९३६ साली दाखवून दिले होते की काही जातींच्या उंदरांमध्ये स्तनाच्या कर्करोगाला कारण ठरणारा घटक आईच्या दुधातून पिलांकडे जातो. तो घटक विषाणू असल्याचे पुढे स्पष्ट झाले. रणदिवे यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर काम करून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधांतून रोगाची प्रवणता कशी घडते, याचा शोध घेतला. बीपेक्षा मातीकडे पाहणारा हा अभ्यास होता.

१६/
याच सुमारास शहरात दुसरे, कमी झगमगते काम सुरू झाले: मोजणी. शल्यचिकित्सक डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ साली ‘इंडियन कॅन्सर सोसायटी’ ही सेवाभावी संस्था स्थापली. या संस्थेने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदणी केंद्र सुरू केले. भारतातील हे पहिलेच. कर्करोगाची माहिती कळवणे कायद्याने बंधनकारक नव्हते. म्हणून केंद्राचे कर्मचारी स्वतः रुग्णालयारुग्णालयांत जाऊन एकेक रुग्ण वहीत उतरवून घेत.

१७/
शासनाच्या पातळीवर राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आखला गेला तो १९८१ साली. तोपर्यंत सोसायटीने पुणे, औरंगाबाद आणि १९८० साली नागपूर येथेही नोंदणी सुरू केली होती. विदर्भातील स्त्रियांचे आजार आकड्यांत प्रथम दिसू लागले ते असे, देणगीदारांच्या पैशाने पगार घेणाऱ्या नोंदणीसांच्या वह्यांमधून.

१८/
या वह्यांतून एक चटका लावणारी गोष्ट ठळक झाली. मुंबईतील हिंदू स्त्रियांमध्ये तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे होता. पारशी स्त्रियांमध्ये तो अत्यल्प आणि स्तनाचा कर्करोग मात्र फार अधिक. उशिरा लग्न, उशिरा आणि कमी मुले, शहरी राहणी ही स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढवणारी कारणे त्या समाजात आधी आली होती. ज्या समाजातील एका जोडप्याच्या संपत्तीतून परळचे रुग्णालय उभे राहिले, त्याच समाजातील स्त्रिया या रोगाच्या छायेत सर्वांत आधी सापडल्या होत्या.

१९/
संशोधनाचा प्रत्येक मार्ग मुक्कामाला पोचत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी, उंदरांप्रमाणे माणसातही दुधातून विषाणू जात असेल का, या शंकेने पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने अमेरिकी शास्त्रज्ञांनी तपासले. काही नमुन्यांत विषाणूसदृश कण दिसल्याचे १९७१ साली प्रसिद्धही झाले. मोठी आशा निर्माण झाली, पण असा विषाणू माणसातील स्तनाच्या कर्करोगाला कारण ठरतो हे सिद्ध झाले नाही. ते दार तेथेच थांबले.

२०/
दरम्यान परळची मालकी बदलली. १९५७ साली रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. दानातून रुजलेले रोप सार्वजनिक तिजोरीच्या पाण्यावर वाढू लागले. विश्वस्तांनी घातलेली घडी मात्र टिकली: एकाच छपराखाली उपचार, संशोधन आणि शिक्षण.

२१/
पश्चिमेत याच काळात हॉल्स्टेड यांच्या विचाराला सुरुंग लागला. बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात मोठ्या चाचण्या घेतल्या. स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून, कमी कापले तर काय होते हे पाहिले. उत्तर निःसंदिग्ध होते. केवळ गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगत होत्या. काही जणींचे बी निदानाआधीच उडालेले असते, हा त्याचा अर्थ होता. चाकू मोठा करून ते परत आणता येत नव्हते.

२२/
तरीही एक प्रश्न उरला. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या तासाभरात काय घडते? खुद्द फिशर यांनी १९५० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत पाहिले होते की शरीराला झालेल्या इजेनंतर सुप्त पेशी जाग्या होऊन वाढू लागतात. या प्रश्नाचा माग लंडनच्या गाय्ज रुग्णालयात लागला. थॉमस गाय या ग्रंथविक्रेत्याच्या दानातून १७२१ साली उभारलेल्या या रुग्णालयात इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडाचा एक विभाग होता. तेथे काम करत होते डॉ. राजेंद्र बडवे.

२३/
१९९१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये बडवे आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९७५ ते १९८५ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या, पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. शेवटच्या पाळीनंतर तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १० वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या. इतर दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. फरक इतका मोठा की विश्वास बसू नये. अनेकांचा बसलाही नाही आणि पुढील अभ्यासांतून उलटसुलट निष्कर्ष आले.

२४/
बडवे परळला परतले आणि त्यांनी वाद चाचणीकडे नेला. शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन दिले तर? सुमारे हजार स्त्रियांवरील या चाचणीचा निष्कर्ष २०११ साली आला. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता निर्णायक फरक नव्हता. काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या गटात मात्र लाभ दिसला. संशोधकांनी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा मांडल्या.

२५/
२०१५ साली आणखी एक कठोर उत्तर आले. निदानाच्या वेळीच रोग दूरवर पसरलेल्या ३५० स्त्रियांवर परळला चाचणी झाली. औषधांना प्रतिसाद मिळाल्यावर स्तनातील मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते का? वाढले नाही. उलट गाठ काढलेल्या गटात दूरचा रोग अधिक वेगाने बळावल्याचे दिसले. या स्थितीतील स्त्रियांना आयुष्य वाढेल या आशेने मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागू नये, हे त्यातून निष्पन्न झाले. ‘नाही’ हे उत्तरही दुःख हलके करते.

२६/
मग पुढची पायरी. शस्त्रक्रियेच्या क्षणी पेशींना रोखता येईल का? लिडोकेन हे भूल देणारे औषध. १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी तयार केलेले, आज दात काढताना सर्रास टोचले जाणारे. ते पेशीच्या आवरणातील सोडियमचे मार्ग बंद करते आणि हे मार्ग कर्कपेशींच्या हालचालीत भाग घेतात. म्हणून गाठीच्या सभोवती लिडोकेन टोचून, ७ ते १० मिनिटे थांबून मग गाठ काढायची, अशी ही कल्पना.

२७/
डिसेंबर २०११ ते जानेवारी २०२२ या काळात भारतातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रिया या चाचणीत सहभागी झाल्या. निष्कर्ष २०२२ साली पॅरिसच्या परिषदेत आणि २०२३ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये आले. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. दूरच्या अवयवांत रोग उलटण्याचे प्रमाण ११.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले. शंभर स्त्रियांमागे सुमारे चार जणी अधिक.

२८/
मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. कोणत्या स्त्रीला इंजेक्शन मिळाले हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिले नव्हते. चाचणीतील स्त्रियांचा रोग प्रारंभिक अवस्थेतला होता आणि शस्त्रक्रियेआधी त्यांना केमोथेरपी दिलेली नव्हती. इतर स्त्रियांना हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. अन्य देशांतील स्वतंत्र चाचण्यांनी त्याला दुजोरा मिळणे हा विज्ञानाचा पुढचा टप्पा आहे.

२९/
असा प्रश्न कोणती औषध कंपनी विचारील? लिडोकेनचे पेटंट केव्हाच संपले. ते स्वस्त आहे, कोठेही मिळते आणि त्यातून नफा नाही. दहा वर्षे १,६०० स्त्रियांचा पाठपुरावा करण्याचा खर्च बाजार उचलत नसतो. तो उचलतो समाज, कधी दानाच्या तर कधी कराच्या रूपाने. १९३२ च्या दानपत्राने ही चाचणी थेट घडवली असे म्हणता येणार नाही. पण नफ्याचा हिशेब न करता प्रश्न विचारू शकणारी संस्था त्याच दानातून उभी राहिली.

३०/
आता कळंब. तेथील स्त्रीसाठी मोठ्या उपचारांच्या वाटा यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि शेवटी मुंबई अशा जातात. किरणोपचाराचे यंत्र प्रत्येक तालुक्याला देता येत नाही. लिडोकेनची बाटली मात्र प्रत्येक शस्त्रक्रियागृहात आधीपासूनच असते. परळचे हे ज्ञान पोचवायला नवे यंत्र लागत नाही. लागतो तो हे ठाऊक असलेला शल्यचिकित्सक.

३१/
आणि लागते वेळेवर आलेली स्त्री. गाठ दुखत नाही म्हणून घरात कोणाला सांगितली जात नाही. वेचणी उरकू दे, मग पाहू, असे म्हणता म्हणता हंगाम जातो. तोवर लिडोकेनचा विचार करण्याची वेळ निघून गेलेली असते. यावरही परळनेच उत्तर शोधले आहे. १९९८ साली डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांतील १,५१,५३८ स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनांची तपासणी करत.

३२/
वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष आला. रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला. सर्व वयोगटांचा एकत्र विचार करता मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले आणि हा फरक टिकला. मॅमोग्राफीचे यंत्र नसलेल्या गावासाठी ही सर्वांत मोलाची बातमी: शिकलेले हात पुरेसे उपयोगी ठरतात.

३३/
हिऱ्याच्या मोलापासून सुरू झालेली ही वाट अशी दोन साध्या वस्तूंपाशी येऊन थांबते: तपासणारा हात आणि भुलीची सुई. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही कळंबला नेता येतात. ती स्वस्त आहेत हे सिद्ध करायला मात्र नव्वद वर्षे, अनेक देणगीदार, नोंदवह्या भरणारे कर्मचारी आणि चाचण्यांना संमती देणाऱ्या लाखाहून अधिक स्त्रिया लागल्या. त्या स्त्रियांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. दोराबजींनी संपत्ती दिली आणि या स्त्रियांनी आपल्या शरीराची साक्ष दिली. दोन्ही दानांचे ऋण फिटते ते एकाच प्रकारे: वर्ध्याहून आलेली गाडी जेथे थांबते, तेथवर हे ज्ञान पोचले तर.